‘बावळट प्रश्न आहे, पण...’

ऑनलाइन ग्रुपवर शिकायला आपण सगळेच जमतो. पण तिथे प्रश्न कसा टाकायचा आणि उत्तर कसं द्यायचं, हे कुणी शिकवत नाही. मग कधीतरी कुणाची तरी बोलतीच बंद होते. आणि ती आपण केलेली असते...

रात्रीचे पावणेबारा वाजलेले. समोर लॅपटॉप, बाजूला गार झालेली कॉफी आणि डोक्यावर दुसऱ्या दिवशीची डेडलाइन. २०२१ सालची गोष्ट. लॉकडाऊनच्या कृपेने जो तो काहीतरी ऑनलाइन शिकत होता. कुणी गिटार, कुणी जर्मन, कुणी घरच्या घरी पाव भाजायला. मी डेटा जर्नालिझमच्या एका कोर्सला नाव घातलं होतं. मास कॉमला आम्हाला बातमीचा इंट्रो घोटून घोटून शिकवला होता. पण सरकारी आकड्यांचं दोन हजार ओळींचं एक्सेल शीट अंगावर आलं की काय करायचं, यावर अवाक्षर नाही! तर, चाळीस जणांचा वर्ग, आठवड्याला दोन लेक्चर्स आणि बाकी सगळा अभ्यास वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

त्या ग्रुपवर मेसेज पडला : ‘प्रश्न जरा बावळट आहे, पण विचारू का? पिव्होट टेबलमध्ये बेरजेच्या जागी नुसती मोजणी येतेय. बेरीज निवडली तर सगळीकडे शून्य. कालपासून तेच करतेय, काही कळेना.’

आता हा बेरीज-मोजणीचा घोळ ग्रुपवर त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला होता. आधीची दोन्ही उत्तरं मीच दिलेली. (फुकटची हुशारी दाखवायला मला आवडतं, काय करणार!) मी मेसेजची पहिली दीड ओळ वाचली आणि टाइप केलं : ‘वर वाच. दोनदा सांगून झालंय.’ पुढे एक हसरा चेहरा. म्हणजे कसं, फार कडक वाटायला नको. तीन जणांनी त्याला हसून दाद दिली. मी लॅपटॉप बंद करून झोपले.

त्यानंतर त्या मुलीचा ग्रुपवर एकही मेसेज आला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त वाईट.

दीड वर्षाने पुण्यात एका वर्कशॉपच्या चहाच्या सुट्टीत एक मुलगी हातात कप घेऊन समोर आली. ‘तुम्ही त्याच ना? वर वाचवाल्या?’ मला आधी काही कळेचना. मग तिने सांगितलं. ती सोलापूरची, एका स्थानिक पेपरात काम करणारी. कोर्सची फी स्वतःच्या पगारातून, दोन हप्त्यांत भरलेली. ‘मी वर वाचलं होतं,’ ती म्हणाली. ‘तीनदा वाचलं. पण तिथं माझं उत्तरच नव्हतं.’

खरंच नव्हतं! वर मी सांगितलं होतं ते ‘मोजणी काढून बेरीज निवडा’ एवढंच. ते तिने आधीच केलं होतं, तसं मेसेजात लिहिलंही होतं. तिचा घोटाळा वेगळाच होता. तिचे आकडे पीडीएफमधून उचलून चिकटवलेले होते, त्यामुळे एक्सेलच्या लेखी ते आकडे नव्हतेच, नुसती अक्षरं होती. अक्षरांची बेरीज शून्यच येणार. मी पुढची एक ओळ वाचली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

‘मग परत विचारायचं ना!’ मी म्हटलं.

‘परत? चाळीस जणांसमोर?’ ती हसली. ‘मला वाटलं, सगळ्यांना जमतंय, आपल्यालाच जमत नाही. तीन आठवडे नुसती बघत बसले. मग सोडून दिला कोर्स.’

मी सॉरी म्हटलं. ‘जाऊ द्या हो,’ म्हणाली आणि बिस्किटांच्या बशीकडे वळली. माझा चहा काही त्या दिवशी घशाखाली उतरला नाही.

हसू दिसतं कुणाला?

तुम्ही म्हणाल, हसरा चेहरा टाकला होतास की! टाकला होता. माझ्या डोक्यात तो ‘अगं, असू दे, गंमत करतेय’ असा होता. तिला तो कुत्सित दिसला. पाठवणारा एक सूर ऐकत टाइप करतो आणि वाचणाऱ्याला तो सूर ऐकूच येत नाही, अशी ही भानगड आहे.

यावर अमेरिकेत चक्क प्रयोग झालाय. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या आणि काही वाक्यं एकमेकांना पाठवायला सांगितली. काही मनापासून, काही उपरोधाने. काहींनी ती ईमेलने पाठवली, काहींनी आवाजात. समोरच्याने ओळखायचं, हे खरं बोलणं की टोमणा. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की ईमेल असो वा आवाज, ७८ टक्के वेळा समोरच्याला बरोबर कळेल. आवाजाच्या बाबतीत अंदाज फार चुकला नाही, ७३ टक्के. ईमेलच्या बाबतीत? ५६ टक्के. नाणं उडवून छापा-काटा केला असता तरी ५० टक्के हाताला लागले असतेच की!

गंमत म्हणजे तो हसरा चेहराही अशाच एका गैरसमजातून जन्माला आला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटरवर चर्चेचा एक फलक असायचा. तिथे लिफ्टमध्ये पारा सांडल्याची कुणीतरी थट्टा केली आणि काहींना ती चक्क धोक्याची सूचना वाटली. तेव्हा स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवलं, की जिथे विनोद असेल तिथे कोलन, डॅश आणि कंस अशी तीन चिन्हं टाका. मान कलती करून पाहिलं की हसरा चेहरा दिसेल.

आपली मराठी मंडळीही यात मागे नव्हती बरं का. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मायबोलीवर जगभरचे मराठी लोक पाककृतींपासून परदेशातल्या नोकरीपर्यंत सगळ्यावर तावातावाने भांडायचे आणि एकमेकांकडून शिकायचेही. तिथली ‘दिवा घ्या’ ही खास आयडिया. ‘लाइटली घ्या’ म्हणायचं, तर लाइट म्हणजे दिवा, म्हणून दिवा घ्या! कुठे ‘ह. घ्या.’, म्हणजे हलके घ्या. आणि जे नुसते वाचतात, लिहीत काहीच नाहीत, ते ‘रोमात’. रोम म्हणजे रीड ओन्ली मोड. माझी सोलापूरची मैत्रीण रोमात गेली होती. ती काही हौसेने गेली नव्हती, एवढाच फरक.

कानपूरची गप्प मुलगी

ऑनलाइन शिकण्यात वाईट उत्तरांचं नुकसान कमीच. न विचारलेल्या प्रश्नांचं फार मोठं, असं माझं मत झालंय. ते कुठे मोजलंही जात नाही, कारण जो प्रश्न आलाच नाही तो कुणाला दिसणार?

एका मुलीला मात्र तो दिसला, कारण तो तिचा स्वतःचाच होता. पूजा नाथ, आयआयटी कानपूर, कॉम्प्युटर सायन्स. वर्गात मुली अगदी मोजक्या. मुलगे एकत्र बसून असाइनमेंट सोडवायचे, अडलं की शेजाऱ्याला विचारून मोकळे. पूजा लाजरी. त्या घोळक्यात जाऊन विचारायचा संकोच, म्हणून एकटीनेच डोकं फोडायचं. पुढे ती अमेरिकेत गेली, मास्टर्स केलं, ओरॅकल आणि फेसबुकमध्ये नोकरी केली आणि स्टॅनफर्डला एमबीए करताना तिने ‘पियाझा’ उभं केलं. २०११ पर्यंत ते स्टॅनफर्डबाहेरच्या कॉलेजांतही पोचलं होतं. इटालियन भाषेत पियाझा म्हणजे चौक. (मराठी विकिपीडियावर मंडळी चर्चेला जमतात त्या पानाचं नावही ‘चावडी’ आहे. माणसं सगळीकडे सारखीच.)

या चौकाची रचना बघण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला वर्गमित्रांपासून नाव लपवून प्रश्न विचारता येतो. आणि एका प्रश्नाखाली दहा जण दहा उत्तरं फेकत नाहीत. विद्यार्थ्यांचं मिळून एकच उत्तर असतं. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने भर घालायची, तिसऱ्याने चूक दुरुस्त करायची. त्याच्यासोबत शिक्षकांचं वेगळं उत्तर. शिवाय शिक्षकांना प्रश्नावर ‘गुड क्वेश्चन’ असा शेरा मारता येतो. चांगल्या उत्तराला शाबासकी सगळेच देतात हो, पण चांगल्या प्रश्नाला? आमच्या शाळेत प्रश्न विचारणाऱ्याला ‘लक्ष कुठे होतं?’ असा प्रतिप्रश्न मिळायचा. ‘वर वाच’ हे त्याचंच डिजिटल रूप की!

नाव लपवलं की काही जण बेताल होतात हेही खरं. पण पियाझा वर्गापुरतं मर्यादित असतं, शिक्षक डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. भर चौकात मुखवटा घालून फिरणं वेगळं आणि वर्गात मागच्या बाकावरून चिठ्ठी सरकवणं वेगळं.

रबरी बदकाची शिकवणी

आता नाण्याची दुसरी बाजू. प्रश्न विचारणाऱ्याचीही काही जबाबदारी असते, आणि ती मला माझ्याच फजितीने शिकवली.

२०२२ मध्ये मी पावसाच्या नोंदींवर एक स्टोरी करत होते. शीटमधल्या तारखांनी उच्छाद मांडलेला. जुलैचा पाऊस मेमध्ये दिसतोय, काही तारखा क्रमाने लागतच नाहीत. वैतागून एका तांत्रिक मदतीच्या ग्रुपवर मी टाकलं : ‘एक्सेल तारखा चुकीच्या दाखवतंय. अर्जंट. प्लीज हेल्प!!!’ तीन उद्गारचिन्हं मोजून घ्या. सहा तास कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका भल्या माणसाने विचारलं : तुम्ही नक्की काय केलंत? काय व्हायला हवं होतं? झालं काय? आणि पाच ओळी जशाच्या तशा दाखवा.

मी जरा फणकाऱ्यानेच लिहायला बसले. पाच ओळी निवडताना लक्षात आलं, की १ ते १२ तारखेच्या नोंदी खान्यात उजव्या कडेला आहेत आणि १३ पासून पुढच्या सगळ्या डाव्या कडेला चिकटल्यात. असं का? १३ मध्ये काय आहे? ...आणि ट्यूब पेटली! माझं एक्सेल अमेरिकन पद्धतीवर होतं. तिथे आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ०५/०७ म्हणजे आपली ५ जुलै त्याने ७ मे करून टाकली. १३/०७ मात्र त्याला पचेना, कारण तेरावा महिनाच नसतो (अधिक मास त्याला ठाऊक नाही!), म्हणून ती त्याने तारीख न मानता नुसती अक्षरं म्हणून ठेवून दिली. प्रश्न अजून पाठवलाही नव्हता आणि उत्तर हातात.

प्रोग्रॅमर लोकांत हा फंडा जुना आहे. १९९९ मध्ये आलेल्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगण्याचा किस्सा आहे. बदक काही बोलत नाही, पण त्याला समजावताना आपली चूक आपल्यालाच सापडते. प्रश्न नीट लिहिणं म्हणजे हेच. मी तो प्रश्न तरीही टाकला, खाली माझं उत्तरही टाकलं. पुढच्या महिन्यात दोन अनोळखी लोकांनी त्याखाली थँक्यू लिहिलं, तेव्हा काय सॉलिड वाटलं!

यातला जागतिक उस्ताद म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो. २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते सुरू केलं, आणि जगभरचे प्रोग्रॅमर तिथे लिहून शिकले. नियम कडक. प्रश्नाच्या शीर्षकातच अडचण कळली पाहिजे. बिघाड दाखवणारा कोड शक्य तितका छोटा हवा, पण दुसऱ्याने चालवून पाहिला तर तोच बिघाड दिसला पाहिजे. आधी विचारून झालेला प्रश्न टाकला तर ‘डुप्लिकेट’चा शिक्का. या शिस्तीमुळेच तिथली उत्तरं वर्षानुवर्षं उपयोगी पडली. पण त्याच शिस्तीचा बडगाही झाला. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीने जाहीरपणे लिहून कबूल केलं, की आपलं ठिकाण नवख्यांना, विशेषतः स्त्रियांना आणि आधीच कडेला पडलेल्या लोकांना, आपलंसं वाटत नाही आणि हे बदललं पाहिजे. इतक्या हुशार माणसांनी भरलेल्या जागेला हे कळायला दहा वर्षं लागली. मला दीड वर्ष लागलं, त्यातल्या त्यात बरी मी.

उत्तर देणाऱ्याचंही डोकं असतं

उत्तर देणाऱ्यांची बाजू मला कळते, कारण मी त्या बाजूची आहे. दिवसभर काम करून रात्री फुकट मदत करायची आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की डोक्याला शॉट लागतोच. पण यात मुळात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचाही दोष आहे. तो वाहता नळ आहे. सकाळी दिलेलं सुरेख उत्तर संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या केकखाली गाडलं जातं. ‘वर वाच’ म्हणणं सोपं, पण वर किती? तीनशे मेसेज?

वर्कशॉपहून परतल्यावर मी जुन्या ग्रुपमधलं माझं बोलणं वाचून काढलं. लाज वाटण्यासारखी करमणूक होती. ‘सिंपल आहे गं’ हे मी चौदा वेळा लिहिलं होतं. सिंपल आहे म्हटलं, की ज्याला जमत नाही तो आपोआप बावळट ठरतो. तेव्हापासून तो शब्द मी बंद केलाय. ‘दोनदा सांगून झालंय’ लिहिण्यापेक्षा जुन्या उत्तरावर बोट सरकवून त्यालाच रिप्लाय दिला, तर तो मेसेज पुन्हा समोर येतो आणि वेळही तेवढाच लागतो. सोबत एवढंच विचारायचं : ‘हे करून पाहिलंस का? करूनही होत नसेल तर काय दिसतंय ते सांग.’ हा शेवटचा प्रश्न मी त्या रात्री विचारला असता तर! चूक दाखवायची असेल तर शक्यतो खासगीत दाखवावी. उत्तर मात्र सगळ्यांसमोर द्यावं, कारण तीच अडचण रोमातल्या आणखी पाच जणांची असते.

ऑफिसच्या चॅटवरची एक गोष्ट जाता जाता. नुसतं ‘हाय’ टाकून गप्प बसणारे लोक! समोरचा ‘हाय’ म्हणेपर्यंत पुढचं वाक्यच नाही. बाबांनो, फोनवर ‘हॅलो’ ठीक आहे. चॅटवर ‘हाय, उद्याच्या मीटिंगची फाइल कुठे ठेवलीय?’ एका दमात लिहा. आणि बायोडेटा मागणाऱ्या एचआरचं ‘हाय’ आणि काम काढणाऱ्या बॉसचं ‘हाय’ यातला फरक ओळखायचं यंत्र कुणी काढलं तर मी पहिली ग्राहक.

मशीन रागावत नाही, पण...

हे सगळं वाचून कुणीतरी म्हणेलच, की आता कशाला माणसांची मिनतवारी? एआयला विचारायचं. खरंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे नवे प्रश्न प्रचंड घटले. मीही विचारते. रात्री दोनला विचारते, तोच प्रश्न सात वेळा विचारते, ते कधी ‘वर वाच’ म्हणत नाही. सोलापूरच्या मैत्रिणीने तर हेच सांगितलं, की पिव्होट टेबल ती शेवटी मशीनकडून शिकली. ‘ते हसत नाही ना,’ म्हणाली.

दोन गोष्टी मात्र खटकतात. एक म्हणजे ते चुकीचं उत्तरही त्याच ठामपणे देतं. डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली ती याच कारणाने, उत्तरं दिसायला चोख आणि अनेकदा चुकीची. चौकात चुकीचं उत्तर दिलं की कुणीतरी ‘ओ भाऊ, थांबा’ म्हणतं. दुसरं म्हणजे, तिथे विचारलेला प्रश्न दुसऱ्या कुणाला दिसत नाही. माझ्या तारखांखाली दोन अनोळखी लोकांनी थँक्यू लिहिलं, तसं तिथे होणार नाही. आपापल्या खोलीत दार लावून सगळे शिकले, तर चौक ओस पडणार.

असो. आता ती आणि मी अशा आठ जणांचा एक छोटा ग्रुप आहे. आम्ही क्यूजीआयएसवर नकाशे करायला शिकतोय. पहिला आठवडा सगळे इतके सभ्य, की कुणी काही विचारेचना. शेवटी परवा रात्री मीच लिहिलं, अगदी नीट, काय केलं, काय हवं होतं, काय झालं, सगळं : ‘प्रश्न बावळट आहे. पुण्यातल्या १२ पर्जन्यमापन केंद्रांचे अक्षांश-रेखांश टाकले. ठिपके पुण्यावर दिसायला हवेत. ते नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडलेत. पहिल्या दोन ओळींचा फोटो सोबत जोडलाय.’

दोन मिनिटं शांतता. मग तिचा मेसेज आला.

‘वर वाच.’

माझ्या पोटात गोळाच आला. लगेच दुसरा मेसेज : ‘दिवा घ्या!! एक्समध्ये रेखांश लागतो, वायमध्ये अक्षांश. तुम्ही उलटं टाकलंय. मीपण काल तेच केलं होतं, लाजून बोलले नाही.’

त्याखाली आणखी दोघांनी लिहिलं : ‘मीपण.’